टोपीखाली

रंकाळ्यावर संध्याकाळी बसायचं तर आधी वारा कुठनं येतोय ते बघायचं, ही सवय मला कधी लागली आठवत नाही. मित्र भेळ घेऊन कट्ट्यावर टेकायचे आणि मी दोन मिनिटं उगाच उभा राहून जागा शोधायचो, कारण पाठीमागनं वारा आला की बाजूनं ओढून पुढं बसवलेले केस उचलले जायचे आणि मधला मोकळा पट्टा उघडा पडायचा. कुणी काही बोलायचं नाही. पण बोलताना समोरच्याची नजर डोळ्यांवरनं अर्ध्या सेकंदासाठी वर जाऊन परत खाली यायची, आणि तो अर्धा सेकंद मी रात्री घरी घेऊन जायचो. ज्याचे केस गेलेत त्यालाच हे कळेल.

गेल्या जानेवारीत मी हेअर ट्रान्सप्लांट केलं, म्हणजे डोक्याच्या मागचे केस मुळासकट काढून पुढं लावून घेतले. आता सगळ्यांना माहिती आहे, म्हणून नीट सगळं लिहून काढतोय.

केस जायला लागले चोविसाव्या वर्षी. उशीवर, टॉवेलवर, बाथरूमच्या जाळीत. रोज पन्नास ते शंभर केस कुणाचेही गळतात हे मला फार नंतर कळलं, माझं दुखणं गळण्याचं नव्हतंच, गेलेल्या जागी परत येणारा केस आधीच्यापेक्षा बारीक येत होता हे होतं. मी शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीच्या मशीन शॉपला क्वालिटीत आहे, त्यामुळं प्रत्येकाकडं कारण तयार होतं, कुणी म्हणायचं हेल्मेटमुळं, कुणी भट्टीच्या उष्णतेमुळं, कुणी बोअरच्या पाण्यामुळं, आई म्हणायची रात्री जागतोस म्हणून. मी हेल्मेटच्या आतनं सुती रुमाल लावला, बिसलेरीच्या पाण्यानं डोकं धुतलं, कांद्याचा रस लावून बायकोला नको नको करून सोडलं. यातल्या कशाचाही संबंध नव्हता. टेस्टोस्टेरॉनपासून शरीरात डीएचटी नावाचं हार्मोन तयार होतं आणि काहीजणांच्या कपाळाजवळच्या नि टाळूवरच्या केसांच्या मुळांना ते सोसत नाही, मूळ दर फेरीला आकसत जातं, केस लव होतो आणि शेवटी येतच नाही. डोक्याच्या मागच्या बाजूच्या मुळांना मात्र त्याचा फारसा फरक पडत नाही. एवढंच आहे ते. पण हे एवढंच कळायला मला नऊ वर्षं लागली, कारण मी कुणाला विचारलंच नाही.

आपल्याकडं एक बरं असतं, कुठलाही कार्यक्रम असू दे, फेटा बांधतात. माझ्या लग्नात सकाळी साडेआठला फेटा बांधला तो मी रात्री अकराला काढला. फोटोग्राफर म्हणत होता, एक दोन फोटो बिनफेट्याचे घेऊया दादा, मी घेऊ दिले नाहीत. अल्बम बघताना आजही बायको म्हणते की तुझं कपाळ गरम झालं असेल किती. झालं होतं. फेट्याची घडी कपाळात रुतून लाल वळ उठला होता, दुसऱ्या दिवसापर्यंत होता. त्या दिवशी मला जितकं निवांत वाटलं तितकं त्याआधी कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं, हे मात्र तिला मी फार उशिरा सांगितलं.

पहिल्यांदा चौकशीला गेलो ते पुण्यात एका ठिकाणी. तिथं डॉक्टर भेटलेच नाहीत. सूट घातलेला एक मुलगा टॅबवर फोटो दाखवत होता, म्हणाला चार हजार पाचशे ग्राफ्ट, म्हणजे काढून लावायची मुळं, एका दिवसात, आज ॲडव्हान्स भरला तर वीस टक्के कमी. माझं डोकं त्यानं हात लावून बघितलंसुद्धा नाही. सही करायला पेन हातात घेतलं होतं मी, आणि ऑपरेशन कोण करणार विचारलं तर म्हणाला आमची टीम आहे. टीम म्हणजे कोण ते शेवटपर्यंत सांगितलं नाही. मी बाहेर येऊन स्वारगेटला बस पकडली आणि कराडपर्यंत नुसता खिडकीबाहेर बघत होतो. जे कुणी हे करायच्या विचारात असतील त्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे, सुरी कोण चालवणार त्याचं नाव आणि डिग्री आधी विचारा. 2022 साली नॅशनल मेडिकल कमिशननंच स्पष्ट म्हटलंय की हे काम प्रशिक्षण घेतलेल्या रजिस्टर्ड डॉक्टरनंच करायचं, यूट्यूब बघून किंवा एखादं वर्कशॉप करून नव्हे.

मग कोल्हापुरातच एक डॉक्टर सापडल्या. त्यांनी पहिल्या दिवशी ऑपरेशनचा विषयच काढला नाही. भिंगातनं डोकं बघितलं, मागचे केस मोजले, म्हणाल्या सहा महिने गोळी घेऊन आणि मिनॉक्सिडिल नावाचं डोक्याला लावायचं औषध लावून बघू, जे शिल्लक आहेत ते तरी थांबले पाहिजेत, नाहीतर पुढं लावलेले राहतील आणि त्यांच्यामागचे तुमचे स्वतःचे जातील. फिनास्टेराइडच्या गोळीचे दुष्परिणाम कुणाकुणाला होतात तेही न लाजता समोर बसवून सांगितलं, बायकोला पण बोलावलं. मागची जागा म्हणजे बँकेतली ठेव समजा म्हणाल्या, तिथनं काढलेलं मूळ तिथं परत उगवत नाही, ते एकदाच खर्च करता येतं. मला विशीतल्यासारखी खाली उतरलेली हेअरलाइन पाहिजे होती. त्यांनी भुवयांच्या मधनं मोजून पार वर रेघ मारली. मी हट्ट केला. त्या म्हणाल्या, पन्नाशीत हा चेहरा घेऊन तुम्हालाच फिरायचंय. मग मी गप्प बसलो.

मागचा केस पुढं लावला तर तो पुढचा होऊन का गळत नाही, हा माझा प्रश्न होता. त्यांनी सांगितलं की न्यूयॉर्कचे डॉक्टर ओरेंट्राइक यांनी 1959 मध्ये हे छापून दाखवलं, केस जिथनं आला तिथला स्वभाव बरोबर घेऊन येतो, जागा बदलली म्हणून बदलत नाही. जपानात ओकुडा नावाच्या डॉक्टरांनी त्याच्याही वीस वर्षं आधी, 1939 मध्ये, जखमांच्या व्रणांवर असे केस लावले होते. हे ऐकून का कोण जाणे मला धीर आला. इतकी वर्षं लोक या एका गोष्टीच्या मागं लागलेत म्हणजे हे दुःख काही फक्त माझ्या डोक्यातलं नाही.

आता ऑपरेशनचा दिवस. सकाळी सातला गेलो. आधी ट्रिमरनं पूर्ण डोकं बारीक केलं आणि आरशात बघितल्यावर मला आण्णा दिसले. माझे वडील. हुबेहूब. आण्णा एसटीत मेकॅनिक होते, रिटायर होऊन आठ वर्षं झाली, आणि त्यांना मी बिनटोपीचं फार कमी वेळा बघितलंय. पांढरी टोपी सकाळी आंघोळ झाली की डोक्यावर, ती रात्री लाइट गेल्यावर खाली. मला लहानपणी वाटायचं ती शिस्त आहे.

सगळ्यात जास्त दुखतं ते भूल देतानाचं. मागच्या बाजूला कानापासून कानापर्यंत सुया, मी एकोणीसपर्यंत मोजल्या आणि सोडून दिलं. नंतर काही नाही, डोकं दुसऱ्याचं असल्यासारखं. पालथं झोपवून तोंड टेबलाच्या भोकात, खाली फरशी दिसत होती आणि डॉक्टरांच्या निळ्या चपला. बारीक मोटरचा आवाज, एक मिलिमीटरच्याही आतलं पोकळ टोक, एकेका मुळाभोवती गोल फिरून बाहेर. तीन तास. मग पुढच्या बाजूला भूल आणि छोट्या चिरा पाडायचं काम, तेव्हा मात्र डोक्याच्या आतनं कर्रकर्र असा आवाज येतो, दुखत नाही पण तो आवाज मी विसरणार नाही. दुपारी दीडला उठवून बसवलं, आईनं दिलेला डबा खाल्ला, भेंडी आणि भाकरी, डोक्याला पट्टी बांधलेली. तेव्हा त्यांनी मला डिश दाखवली. थंड सलाइनमध्ये दहादहाच्या रांगा लावलेली मुळं, प्रत्येक तांदळाच्या कणीहून लहान, खाली पांढुरका गर आणि वर काळा ठिपका. एकेक केसाची वेगळी, दोनाची वेगळी, तीनाची वेगळी. एकेरी सगळी पुढच्या रांगेत लावायची म्हणजे हेअरलाइन ब्रशसारखी दिसत नाही. एकूण दोन हजार चारशे साठ. दोन सिस्टर चिमट्यानं एकेक उचलून चिरेत बसवत होत्या, संध्याकाळी सहापर्यंत, आणि त्यातली एक मधेच दुसरीला हळूच म्हणाली, माझ्या भावाचं पण असंच आहे गं, लग्न ठरंना झालंय. मी डोळे मिटून पडलो होतो, तिला वाटलं झोपलोय.

घरी आल्यावर खरी परीक्षा. पहिल्या तीन रात्री पाठ आणि डोकं उंचावर ठेवून, जवळजवळ बसूनच झोपायचं, कूस बदलायची नाही, लावलेल्या भागाला उशीसुद्धा लागू द्यायची नाही, आणि दर तासाला सलाइनचा फवारा, खपल्या कोरड्या पडू द्यायच्या नाहीत. बायको दिवसा करत होती पण आमची लेक तेव्हा दीड वर्षाची, रात्री तिला ते शक्य नव्हतं. मी म्हटलं अलार्म लावतो, माझं मीच करतो. आण्णा काही बोलले नाहीत. साडेदहाला स्वतःची खुर्ची आणून माझ्या शेजारी ठेवली, घोंगडं घेतलं, आणि मनगटावरचं घड्याळ काढून मांडीवर ठेवलं. डेपोत आयुष्यभर नाइट केलेला माणूस.

जानेवारीची थंडी होती. प्रत्येक तासाला ते बाटली आधी दोन्ही तळव्यात धरून बसायचे, गार फवारा बसू नये म्हणून. मग उठून मोबाइलची बॅटरी एका हातात, बाटली दुसऱ्या हातात, फूटभर लांबनं फुस्स फुस्स, आणि कानामागं ओघळ आला तर गॉजनं टिपायचे. इंजिनात तेल घालताना माणूस जसा वाकून बघतो तसं वाकून बघायचे. दुसऱ्या रात्री तीनच्या फवाऱ्यानंतर बॅटरी बंद करायचे विसरले आणि तसेच उभे राहिले.

म्हणाले, "दुखतंय काय रं?"

म्हटलं, "न्हाई आण्णा. तुम्ही पडा जरा."

"माझ्यामुळंच आलंय की हे तुझ्याकडं."

मला काय बोलावं कळेना. मग बसले आणि सांगायला लागले, तोंड भिंतीकडं करून, की आईला बघायला गेले तेव्हा टोपी घालून गेले, साखरपुड्याला टोपी, लग्नात मुंडावळ्या आणि टोपी, आणि लग्नानंतर चार दिवस अंगणात झोपायचं निमित्त काढलं कारण खोलीत टोपी काढावी लागली असती. एकतीस वर्षांचे होते. आईनं पाचव्या दिवशी काय म्हटलं ते त्यांनी सांगितलं नाही, नुसते हसले थोडे. बत्तीस वर्षं हा माणूस त्याच घरात माझ्यासमोर वावरत होता आणि मी माझं दुखणं त्याच्यापासनं लपवत होतो, त्याला वाईट वाटेल म्हणून, की तुमच्यासारखं दिसायचं नाही म्हणून पोरगा लाख रुपये घालवतोय. मी त्यांना डॉक्टरांनी सांगितलेलं सांगितलं, हे एकट्या बापाकडनं येत नाही, आईच्या घराण्याकडनंही येतं, दोन्हीकडच्या बऱ्याच गोष्टी मिळून ठरतं. ते म्हणाले, "तुझ्या मामांना बघ की, सगळ्यांचं रान दाट." आणि परत बाटली तळव्यात घेऊन बसले.

तिसऱ्या दिवशी कपाळ सुजलं, चौथ्या दिवशी सूज उतरून डोळ्यांवर आली, डावा डोळा उघडेना. हे होतं असं सांगितलेलं होतं तरी आरशात बघून मी घाबरलो. दोन दिवसांत गेली. मगात शाम्पूचा फेस करून तो नुसता वर ठेवायचा, चोळायचं नाही, वरनं हळू पाणी सोडायचं. दहाव्या दिवसापर्यंत खपल्या निघाल्या. तेराव्या दिवशी कामावर, डोक्यावर सैल टोपी, आणि मॅनेजरना विनंती करून महिनाभर शॉप फ्लोअरऐवजी मेट्रॉलॉजी रूममध्ये, म्हणजे मापं तपासायच्या खोलीत, बसलो म्हणजे हेल्मेट नको.

आणि तिसऱ्या आठवड्यात लावलेले केस गळायला लागले.

हेसुद्धा सांगितलेलं होतं. मूळ आत राहतं, धक्क्यानं वरचा केस पडतो, मूळ दोन तीन महिने विश्रांती घेतं आणि मग नवीन केस सोडतं. कागदावर वाचलेलं होतं, तरी हाताला पाच पाच दहा दहा चिकटून यायला लागले तेव्हा मी बाथरूममध्ये नळ सोडून रडलो, बत्तीस वर्षांच्या पगारी माणसानं रडावं तसं, आवाज न करता. आईनं ओळखलं. आई गगनबावड्याकडची, भातातली. म्हणाली, "तरवा उपटून लावला की पैली पानं पिवळी पडून झडत्यात की नाही? म्हणून काय आपण रोप उपटून बघतो व्हय, मूळ धरलं का म्हणून? हात लावू नको." डॉक्टरांनी चित्र काढून समजावलेलं जे मनात उतरलं नव्हतं ते या वाक्यानं उतरलं. मी आरशात रोज फोटो काढायचं थांबवलं.

एकोणीस फेब्रुवारीला शिवजयंती. आमच्या मंडळाचं रक्तदान शिबिर असतं आणि मी कॉलेजपासनं दरवर्षी पहिल्या दहात. यंदा देता येणार नव्हतं. फिनास्टेराइड चालू असताना रक्त द्यायचं नाही, ते रक्त गरोदर बाईला चढलं तर पोटातल्या मुलग्याच्या वाढीला धोका असतो, गोळी बंद केली तरी किमान महिनाभर थांबायचं. मी ठरवलं होतं ताप आहे म्हणून सांगायचं. तर फॉर्म घेऊन बसलेला पोरगा माईकवर म्हणाला, दादा आले, आता सुरुवात. सगळे वळून बघायला लागले. मला खोटं बोलता आलंच नाही. टोपी काढली, लालसर, जवळपास रिकामं डोकं, आणि म्हटलं केस लावून घेतलेत, गोळी चालू आहे, रक्त चालणार नाही. दोन क्षण शांत. मग एकजण म्हणाला, "भावा, लई धाडस केलंस", दुसऱ्यानं विचारलं दुखलं काय, आणि मला खुर्ची दिली, बिस्किटांचे पुडे वाटायचं काम दिलं. संपलं. नऊ वर्षं ज्याची भीती वाळवीसारखी आतनं खात होती ते बिस्किटाच्या पुड्यांवर संपलं.

खरं तर तेव्हाच सुरू झालं काहीतरी. त्या आठवड्यात तिघं घरी आले, एकेकटे, वेगवेगळ्या वेळी. एक बावीस वर्षांचा, तालमीत जाणारा, एवढा दांडगा पोरगा पण खाली बघूनच बोलत होता. म्हणाला केस गळतात म्हणून आखाड्यात उतरायचं सोडलंय, मातीनं गळतात असं कुणीतरी सांगितलं. मी म्हटलं मातीचा काही संबंध नाही रे, आजच जा परत. आणि त्याला ऑपरेशनचं नाव काढू दिलं नाही, इतक्या लहान वयात कुठवर जाणार आहे ते ठरत नाही, आधी त्वचेच्या डॉक्टरला दाखव म्हटलं, त्याच्याबरोबर गेलो सुद्धा.

एप्रिलमध्ये जोतिबाच्या यात्रेला गेलो, चैत्री पौर्णिमेला. तीन महिने झाले होते, डॉक्टर म्हणाल्या त्वचा भरलीय, जावा, फक्त घरी आल्यावर नीट धुवा. गुलाल डोक्यावर थेट कातडीवर बसला, चांगभलंच्या गजरात कुणाला कुणाचं डोकं दिसत नव्हतं. रात्री धुताना पाणी गुलाबी वाहत होतं आणि कपाळाच्या वर बोटाला काहीतरी टोचलं. दाढीच्या खुंटासारखं. मी बायकोला हाक मारली, तिनं बॅटरी लावून बघितलं आणि काही न बोलता माझं बोट धरून त्या जागेवरनं फिरवलं, एक, दोन, हा तिसरा.

पुढचं हळूहळू झालं. मे महिन्यात बारीक पुटकुळ्या आल्या, त्या केस वर येताना येतात. आलेले केस आधी कुरळे, राठ, माझे नसल्यासारखे. मागच्या बाजूचा बधिरपणा जूनपर्यंत होता. पावसाळ्यात सहा महिने झाले तेव्हा निम्मं रान भरल्यासारखं दिसत होतं, आणि टाळूवरचं अजून पातळच आहे, तिथं दीड वर्षापर्यंत वाट बघायची असते. विशीतलं डोकं आलेलं नाही. येणारही नव्हतं. पण परवा रंकाळ्यावर मी आलो तसा कट्ट्यावर बसलो, आणि वाऱ्याचं लक्षात आलं ते भेळ संपल्यावर.

मागच्या रविवारी आण्णा आणि मी तात्यांच्या सलूनमध्ये गेलो. तात्यांनी माझं जावळ काढलंय. नऊ वर्षं मी त्यांच्याकडं जायचं टाळून लांब राजारामपुरीत अनोळखी ठिकाणी जात होतो, त्यांना डोकं दाखवायला नको म्हणून. दुकान भरलेलं, चारपाच माणसं, पेपर वाचत. तात्यांनी कापड गुंडाळलं, बाटलीनं पाणी मारलं, कंगवा फिरवला, मागं बोटं चाचपली आणि तिथंच थांबले. मी सांगणार तेवढ्यात बाकड्यावरनं आण्णांचा आवाज आला, टोपी तशीच डोक्यावर, पण सगळ्या दुकानाला ऐकू जाईल असा.

"तात्या, मागनं झिरो मारू नगंस. तिथली मुळं काढून पुढं लावल्यात आम्ही. ठिपकं दिसत्यात."